विश्लेषण : साणे बुजले, चूल मात्र पेटतीच… जुन्या घरांतील हवेचे काय?

थंडी सुरू झाली की दिल्लीच्या हवेचे आकडे मोबाइलवर येऊ लागतात. पण कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात माणूस सर्वाधिक धूर रस्त्यावर नव्हे, स्वयंपाकघरात घेतो. त्या धुराला बाहेर काढणारी वाट जुन्या घरांत होती. घरे बदलली तशी ती बुजत गेली. गेल्या काही वर्षांत गॅस आला, आता घरकुले येत आहेत. तरीही आतली हवा फारशी का बदलत नाही?

बाहेरची हवा मोजतात, आतली कोण मोजणार?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातील सुमारे १३० शहरे आहेत. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरे त्या यादीत आहेत. हिंगोली जिल्ह्यातील एकही गाव नाही. यादी शहरांच्या बाहेरच्या हवेसाठी आहे, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडचे हवेचे मानकही बाहेरच्या हवेचेच आहे. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट बारीक, थेट फुप्फुसात उतरणारे कण. त्यांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. घराच्या आतल्या हवेसाठी मात्र असे कायद्याने बांधील मानक आपल्याकडे नाही.

मग आतली हवा असते तरी कशी? चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील डॉ. कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेश, तमिळनाडू, उत्तराखंड आणि पश्चिम बंगालमधील ६१७ ग्रामीण घरांत मोजमाप केले. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकूड, गोवऱ्या जाळणाऱ्या घरांत स्वयंपाकाच्या जागेतील २४ तासांची सरासरी ६०९ मायक्रोग्रॅम निघाली. बसण्या-झोपण्याच्या खोलीतली १६३. म्हणजे चुलीजवळ भारतीय मानकाच्या दहा पट आणि चुलीपासून लांब, दुसऱ्या खोलीतही अडीच पटींहून जास्त. या चार राज्यांत महाराष्ट्र नाही. पण चूल, सरपण आणि बंदिस्त खोली हे गणित नर्मदेच्या अलीकडे येऊन बदलत नाही.

साणे म्हणजे काय आणि ते काय काम करत होते?

युरोप-अमेरिकेत थंडीमुळे घरे बंदिस्त बांधतात. भिंतीतून, छतातून पत्र्याच्या नळ्या फिरवतात. त्यांना डक्ट म्हणतात. गरम किंवा गार हवा त्यातूनच खोल्याखोल्यांत जाते. डक्ट जुने झाले, फटी पडल्या, धूळ साचली की आतली हवा बिघडते, हा तिकडचा नेहमीचा प्रश्न आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ‘डक्ट साफ करून देतो’ म्हणणारे फोन येत असतात. (गंमत म्हणजे, असे डक्ट धुतल्याने आजार टळतात हे आजवर सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाच सांगते.)

कळमनुरीच्या जुन्या गल्लीत असे डक्ट नाहीत. पण हवेची वाट होती. मराठवाड्यातील धाब्याचे घर आठवून पाहा. दोन-अडीच हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी सरे, वर किलच्या, त्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. यालाच कुठे माळवद म्हणतात. अशा छतात एक भोक ठेवलेले असे. त्याचे नाव साणे. कुणी सानं म्हणतो, कुणी सवनं. त्यातून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. पाऊस आला की त्यावर घमेले किंवा फुटका माठ उपडा घालायचा, उघाड पडली की काढायचा. मोठ्या वाड्यात मधला चौक हेच काम करी. भिंतीत झरोके असत, माणसाच्या डोक्याच्या वर.

यामागचे शास्त्र सोपे आहे. गरम हवा हलकी, म्हणून वर चढते. वर वाट मिळाली की निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून, दारातून, गार हवा आत येते. पंखा लागत नाही की वीज लागत नाही. भोक जितके उंच आणि खालची वाट जितकी मोकळी, तितकी ही ओढ चांगली. भोक बुजवले की तोच धूर आधी छताशी जमतो, मग थर जाड होत होत बसलेल्या बाईच्या तोंडापर्यंत खाली येतो.

म्हणून जुनी घरे फार निरोगी होती, असे म्हणायचे कारण नाही. साण्यातून सगळा धूर कधीच जात नसे. सरे काळेकुट्ट होत. कणसे आणि बियाणे चुलीवर टांगून ठेवत, कारण धुराने कीड लागत नसे. जे किडीला झेपत नव्हते, ते घरातल्या बाईच्या छातीत रोज जात होते. पण निदान एक वाट होती आणि ती घराच्या रचनेचा भाग होती, मागाहून सुचलेली गोष्ट नव्हती.

मग ती वाट बुजली कशी?

एका दिवसात नाही. पहिले कारण गळती. धाब्याला दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, चोपून काढावी लागते. ते काम जाणणारी माणसे कमी झाली, मजुरी वाढली. मग कुणी वर प्लास्टिकचा कागद अंथरला, कुणी सिमेंटचा कोबा केला. साणे हे गळतीचे पहिले ठिकाण, म्हणून ते सर्वांत आधी बंद झाले. आता छताची माती वरून श्वास घेत नाही, ओल आतच राहते आणि सऱ्यांना, भिंतीच्या वरच्या कडेला बुरशी धरते.

दुसरे कारण भीती, आणि ती खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यांतली बरीच जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर कोसळून गेली. त्यानंतर मराठवाड्यात मातीच्या छताखाली झोपण्याची हिंमतच कमी झाली. कळमनुरी, औंढा, वसमत या पट्ट्यात तर जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि सौम्य धक्के ही अनेक वर्षांची गोष्ट आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्हा लागोपाठ दोन धक्क्यांनी हादरला. पहिला ४.५ रिश्टरचा होता. शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने तेव्हा पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन केले होते. १० जुलै २०२४ ला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात नोंदला गेला. अशा धक्क्यानंतर कोणी ‘धाब्याचे घर थंड असते, ते ठेवा’ असे सांगू लागला, तर लोक त्याच्याकडे कसे पाहतील हे सांगायला नको. घर बदलणे योग्यच आहे. प्रश्न फक्त एवढा, की बदलताना धुराच्या वाटेचे काय केले?

तिसरे कारण म्हणजे पत्रा आणि स्लॅब. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजते, म्हणून त्याखाली सिलिंग मारतात. स्लॅबला भोक ठेवणे तर गवंड्याला पटतच नाही आणि मालकालाही नाही. आयुष्यभराची कमाई घालून ओतलेल्या स्लॅबला कोण भोक पाडून घेईल? शेजारच्या घराला भिंत लागून असली की झरोकाही गेला. उरते एक दार आणि एक खिडकी, दोन्ही एकाच बाजूला. त्या खिडकीसमोर कपाट येते किंवा उन्हाळ्यात कूलर बसतो.

गॅस आला, मग चूल का विझत नाही?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. तिचा मोठा टप्पा मराठवाड्यातच गाठला गेला. ८ कोटींवी जोडणी पंतप्रधानांच्या हस्ते ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादमध्ये देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरा टप्पा आला आणि आज देशात १० कोटींहून अधिक उज्ज्वला जोडण्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये ५९.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ७९.७ टक्के झाली. हे यश मोठे आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण या पाहणीत विचारतात ते मुख्य इंधन. घरात गॅस असेल आणि भाजी-चहा त्यावर होत असेल, तरी भाकरी, अंघोळीचे पाणी, जनावरांचे खाद्य यांसाठी चूल पेटतेच. ते आकड्यात दिसत नाही. दिसते ते सिलिंडरच्या हिशेबात. उज्ज्वला ग्राहक वर्षाला सरासरी किती सिलिंडर भरून घेतो? २०१९-२० मध्ये सुमारे तीन. सवलत वाढल्यावर २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा, तर वर्षाला आठ-दहा सिलिंडर लागतात. म्हणजे निम्मे रांधणे अजून सरपणावर.

कारणे पैशांची आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. उज्ज्वला ग्राहकाला सिलिंडरमागे ३०० रुपयांची केंद्राची सवलत मिळते. २०२५-२६ साठी ती वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत ठेवली आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, त्यात पात्र कुटुंबांना वर्षाला ३ सिलिंडर मोफत. पण गाडीवाल्याला रोख पैसे आधी द्यायचे असतात, सवलत मागून खात्यात येते. पावसाळ्यात, खते-बियाण्यांच्या दिवसांत ती रोकड हातात नसते. उलट कापूस वेचून झाला की शेतात पळाट्या फुकट पडलेल्या असतात. तूर निघाली की तुराट्या. गोठ्यात शेण आहे, म्हणजे गोवऱ्याही आहेत. फुकटच्या जळणाशी स्पर्धा करणे कुठल्याही सिलिंडरला अवघडच. त्यात पळाट्या भरभर जळतात, धूर दाट करतात आणि विस्तव टिकत नाही म्हणून सतत पुढे सारत बसावे लागते. म्हणजे तोंड चुलीपाशीच.

या धुराची किंमत किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख मृत्यू झाले, त्यात पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. मुलांमध्ये न्यूमोनिया, मोठ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मोतीबिंदूशीही या धुराचा संबंध जोडला गेला आहे.

यात पुण्याचे नाव महत्त्वाचे आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार मानला जाई. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, पण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आपल्या गावातली साठीची बाई, जिने कधी विडीला हात लावला नाही, तिला पायरी चढताना दम लागतो. घरचे म्हणतात दमा आहे, वयच झाले. खरे निदान व्हायला स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी लागते. ती करून घ्यायला हवी. आणि डॉक्टरांनी ‘विडी ओढता का?’ एवढेच विचारले, तर ‘नाही’ म्हणून थांबू नये, चूल किती वर्षे फुंकली तेही सांगावे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गॅस दिला की सगळे आजार लगेच घटतात, असे पुरावे सांगत नाहीत. भारतासह चार देशांत ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत गॅस आणि तो दीड वर्ष भरून मिळण्याची सोय दिल्यावर धुराचे प्रमाण एक-तृतीयांशावर आले. तरी बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. धुराचे परिणाम वर्षानुवर्षे साचतात, शेजारच्या घराचा धूरही येतो, गरोदरपणातच सुरू केलेला उपाय उशिरा पडतो, अशी कारणे सांगितली जातात. यातून गॅस निरुपयोगी ठरत नाही. पण एकाच उपायावर सगळा भार टाकता येणार नाही, इतके नक्की कळते.

बिनधुराच्या चुली आठवतात?

धुराला वाट करून देण्याचा सरकारी प्रयत्न पूर्वी झाला आहे. १९८३ मध्ये केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तो चालला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद आहे. मातीची बांधीव चूल, मागून निघणारा पाइप आणि छपराबाहेर त्याचे तोंड. गावात आजही एखाद्या पडक्या भिंतीत तो पाइप दिसतो. चूल केव्हाच गेलेली असते.

फसले कुठे? याचे उत्तर ओडिशात मिळाले. रीमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी तिथल्या सुमारे अडीच हजार घरांचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरला, आजारांत आणि इंधनाच्या खर्चात काहीच फरक उरला नाही. कारण काजळीने पाइप भरत गेले, चुलीला तडे गेले आणि लोकांनी त्या दुरुस्त केल्या नाहीत, नीट वापरल्या नाहीत. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या डक्टचा आणि ओडिशातल्या चुलीच्या पाइपचा रोग एकच. हवेची वाट बांधणे हे एक दिवसाचे काम आहे, ती मोकळी ठेवणे महिन्यामहिन्याचे. साण्याला कुणाच्या योजनेची गरज नव्हती, कारण ते पाऊस येताच झाकणारे आणि उघडणारे हात घरातच होते. योजनेतली चूल बसवून देणारा माणूस निघून गेला आणि पाइप साफ करण्याचे काम कुणाचे, हे कुणी ठरवलेच नाही. बसवलेल्या चुलींचा आकडा मात्र भरला.

फक्त धूरच नव्हे

जुन्या घराच्या हवेत आणखीही काही असते. कापसाचा भाव पडला की शेतकरी तो घरात भरून ठेवतो. बैठकीत, माजघरात, कधी पलंगाच्या उंचीइतका. महिना-दोन महिने गेले की अंगाला खाज सुटते, पोरे खोकतात. भावाची वाट पाहणाऱ्या घराला हा सल्ला ऐकवणे सोपे नाही, पण झोपायची खोली तेवढी मोकळी ठेवावी आणि कापूस ओसरीत किंवा वेगळ्या खोलीत ठेवावा. फवारणीची औषधेही त्याच कोपऱ्यात ठेवली जातात. ती घरात नकोतच.

मच्छर अगरबत्ती हा दुसरा धूर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके आढळले. दार-खिडकी बंद करून, पोरांच्या उशाशी ती लावली जाते. मच्छरदाणी हा जुना, स्वस्त आणि आजही सर्वांत चांगला पर्याय.

उन्हाळ्यातला कूलर तर मराठवाड्यात घरोघरी. तो हवेत पाणी सोडून थंडावा देतो, म्हणून त्याला समोरच्या बाजूला बाहेर जाणारी वाट लागतेच. खोली बंद केली की घाम वाळत नाही, भिंतीला ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना वास लागतो. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलायच्या, टाकीतले पाणी आठवड्याला उपसून कोरडे करायचे. नाहीतर तिथे डेंग्यूचा डास तयार होतो.

जुन्या घरावरचे सिमेंटचे पत्रे हा दुर्लक्षित विषय. त्यांतील अनेकांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा साबूत असेल तर धोका कमी. पण तो करवतीने कापताना, भोक पाडताना, फोडताना बारीक तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसात गेले की कर्करोगासह गंभीर आजार कित्येक वर्षांनी दिसतात. आपल्याकडे या पत्र्यांवर बंदी नाही. पत्रा बदलायचा असेल तर तो ओला करून, न फोडता उतरवावा. तुकडे अंगणात रस्त्याची भर म्हणून टाकू नयेत.

आणि हिवाळ्यातली शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणे, किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालवणे जीवघेणे ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके जड वाटते, झोप येते आणि माणूस उठत नाही.

शहरातली नवी चिमणी

आपल्या भाषेत चिमणी म्हणजे पूर्वी रॉकेलचा छोटा दिवा. आता ओट्यावरची चकचकीत यंत्रे त्या नावाने येतात. यात दोन प्रकार. एकात पाइप भिंतीतून बाहेर जातो, दुसऱ्यात नाही. बिनपाइपची चिमणी स्वस्तात बसते, भिंत फोडावी लागत नाही. ती तेलाचे थेंब गाळते, वास थोडा कमी करते, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू आणि वाफ खोलीतच परत सोडते. पाइपच्या चिमणीतही पाइपला फार वळणे असली, तेलाने चिकटून तो अरुंद झाला की नुसता आवाज उरतो. साधा भिंतीतला एक्झॉस्ट पंखा अनेकदा जास्त काम करतो. दुकानदार ते सांगत नाही.

घरकुलाच्या नकाशात धुराला जागा कुठे?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, कारण बांधकामे आत्ता होत आहेत. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात राज्यातील २० लाख लाभार्थ्यांना पंतप्रधान आवास योजनेची मंजुरीपत्रे आणि त्यांपैकी १० लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे, आणि त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा असावी असे योजना सांगते. सपाट भागात केंद्र-राज्य मिळून १ लाख २० हजार रुपये. कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची वस्ती मोठी आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथेच आहे आणि आदिवासी कुटुंबांसाठी शबरी घरकुल योजनाही आहे. म्हणजे कुडाच्या आणि मातीच्या भिंतींतून सिमेंटच्या भिंतींत जाणारी कुटुंबे इथे कमी नसतील. कुडाच्या भिंतीतून धूर फटीफटीतून निघून जायचा. सिमेंटची भिंत फट ठेवत नाही.

हप्ते सुटतात ते पायथा, चौथरा, छत अशा टप्प्यांचे फोटो पाहून. त्या फोटोत स्वयंपाकाच्या कोपऱ्याला वरची जाळी आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत याचे माप आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या निदान एक-दशांश इतकी उघडी जागा खिडक्या-झरोक्यांना हवी आणि स्वयंपाकघराला त्याहून पाव पट जास्त. दहा बाय आठ फुटांच्या स्वयंपाकघराला १० चौरस फूट, म्हणजे अडीच बाय दोनच्या दोन खिडक्या. दोन वेगवेगळ्या भिंतींत असल्या तर उत्तम. यासाठी सिमेंट जास्त लागत नाही, उलट काही विटा वाचतात.

आधीच बांधून झालेल्या घरात काय करता येईल? चुलीच्या वरच्या भिंतीत, छताला लागून, एक जाळी बसवता येते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाहेरून तिरपी पट्टी. पाइप असेल तर त्याचे तोंड छपराच्या वर, टोपीसकट असावे आणि दर महिन्याला काठीला चिंधी बांधून काजळी काढावी. त्याहून सोपे म्हणजे पाण्याचा बंब आणि जनावरांच्या खाद्याची चूल आधी बाहेर न्यावी, वर नुसता मांडव टाकून. गॅस अर्धाच परवडत असेल, तर तो निदान घराच्या आत जे रांधायचे आहे त्यासाठी राखून ठेवावा. भाकरी बाहेर, भाजी आत, अशी विभागणी अनेक घरांनी आपणहून केलेली आहे.

नगर परिषदेच्या हद्दीत घर बांधायला परवानगी घेताना नकाशात खिडक्या दाखवाव्याच लागतात. बांधून झाल्यावर त्या शेजारच्या भिंतीकडे उघडतात की मोकळ्या हवेत, हे तपासायला कोणी येत नाही. ग्रामपंचायतीत तर तेवढेही नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी अभियंता घर पाहून फोटो काढतोच. त्याच भेटीत त्याने स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभे राहून वर पाहिले, तर जाळी आहे की नाही हे एका फोटोत कळेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही, तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवावी लागेल. हिंगोली जिल्हा परिषद ती ओळ घालणार का, हे विचारायला ग्रामसभा आहेच.